पंटला वेगळा, किकऑफला वेगळा: रिटर्नर कसा निवडतात

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत शिकायला आल्यापासून कॉलेज फुटबॉलची गोडी लागली. आमच्या संघातला सर्वांत वेगवान मुलगा किकऑफच्या वेळी मागे उभा असतो. पण पंट आला की त्याला बाहेर घेतात आणि एका सीनियर रिसीव्हरला पाठवतात. तो पाचातल्या तीन वेळा हात हलवून फेअर कॅचच घेतो. प्रशिक्षक घाबरतात, की यामागे काही हिशेब आहे?"

हिशेब आहे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. नवख्यांसाठी आधी चार शब्द: हाफच्या सुरुवातीला किंवा गुण झाल्यावर मारतात ती किक म्हणजे किकऑफ, पुढे सरकता न आलेला संघ चेंडू हातातून सोडून मारतो तो पंट, ती किक झेलून उलट धावतो तो रिटर्नर, आणि हात हलवून 'मी धावणार नाही' असं सांगून घेतलेला सुरक्षित झेल म्हणजे फेअर कॅच. तुमचा प्रश्न वेगाबद्दल आहे, पण निवड वेगावरून सुरूच होत नाही. आधी विचारायचं ते असं: चेंडू हातात पडेल त्या क्षणी समोर किती यार्ड मोकळे असतील? किकऑफ आणि पंट यांत या एका प्रश्नाची उत्तरं इतकी वेगळी येतात की दोन्ही कामं एकाच माणसाला जमली तर ते संघाचं भाग्य समजायचं. तशी अपेक्षा धरून निवड करायची नाही.

आधी किकऑफ बघू. कॉलेजमध्ये तो ३५ यार्ड रेषेवरून होतो, म्हणजे समोरची गोलरेषा ६५ यार्डांवर. चांगली किक हवेत साधारण ४ सेकंद राहते. तेवढ्या वेळात धावत येणारे खेळाडू ३० ते ३३ यार्ड कापतात. म्हणजे गोलरेषेवरच्या रिटर्नरने चेंडू घेतला तेव्हा सर्वांत जवळचा विरोधक अजून तीसेक यार्ड लांब असतो. झेल घ्यायला, पाय जमवायला आणि पूर्ण वेग पकडायला जागा मिळते. इथे तुमचा वेगवान मुलगा शोभतो.

आता पंट. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे पंटरकडे फेकल्यापासून, किकपर्यंत सुमारे २ सेकंद जातात आणि चेंडू हवेत ४.२ सेकंदांच्या आसपास राहतो. एकूण सहा सेकंदांहून थोडे जास्त. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, चेंडूला पाय लागेपर्यंत फक्त दोन टोकांचे खेळाडू पुढे निघू शकतात. कॉलेजमध्ये तसं बंधन नाही, स्नॅप झाल्याबरोबर सगळे सुटू शकतात. न अडवलेला गनर, म्हणजे रिटर्नरकडे सुटणारा टोकाचा खेळाडू, ४२ यार्ड पाच सेकंदांत गाठतो. म्हणजे त्याला सव्वा सेकंदाहून जास्त रोखून धरलं तरच रिटर्नरला श्वास घ्यायला वेळ मिळतो, नाहीतर चेंडू आणि गनर एकत्रच पोहोचतात. झेलणाऱ्याला अडवायचं नाही, त्याच्या खांद्यांच्या रुंदीएवढी आणि समोर एक यार्डाची जागा मोकळी ठेवायची, असा नियम आहे. पण एक यार्ड म्हणजे एक पाऊल. चेंडूला हात लागताक्षणी ते संरक्षण संपतं.

दुसरा फरक नियमांतला आहे आणि निवडीवर त्याचा परिणाम मोठा होतो. किकऑफचा चेंडू १० यार्ड पुढे गेला की तो दोन्ही संघांचा असतो. तो सोडून देता येत नाही, कुणीतरी उचलायलाच हवा. अपवाद एकच: कुणाचाही स्पर्श न होता तो एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, जमिनीला लागला तर आपोआप टचबॅक, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून आपला खेळ सुरू. पंटचं उलट आहे. तो तसाच पडू दिला तर चेंडू आपल्याकडेच राहतो. मात्र आपल्यापैकी कुणाचाही हात, गुडघा, हेल्मेट त्याला लागलं आणि ताबा आला नाही, तर तो कुणीही ताब्यात घेऊ शकतो. याला मफ म्हणतात. किक मारणाऱ्या संघाला तो घेऊन पुढे धावता येत नाही, पण चेंडू त्यांचा होतो आणि तोही आपल्याच गोलच्या बाजूला.

आता यार्ड आणि चुका एकाच तराजूत घालून पाहा. ढोबळ मानाने एक यार्डाची किंमत ०.०६ गुणांच्या आसपास धरतात आणि गमावलेल्या चेंडूची ४ गुण. समजा, वेगवान मुलगा सीनियरपेक्षा दर रिटर्नमागे ३ यार्ड जास्त काढतो. सामन्यात सरासरी दोन रिटर्न आणि नियमित हंगामात १२ सामने धरले तर एकूण फायदा ७२ यार्ड, म्हणजे सव्वाचार गुणांचा. हंगामभरात त्याने सीनियरपेक्षा एकच चेंडू जास्त गमावला की सगळा फायदा पुसला गेला. दोन गमावले तर संघ तोट्यात. प्रशिक्षक हातचं सोडून पळत्याच्या पाठी का लागत नाहीत, ते या आकड्यांवरून कळेल.

याची जिवंत साक्ष हवी असेल तर १ जानेवारी २०२४ चा रोझ बोल सामना पाहा. मिशिगनने अलाबामाविरुद्ध पहिल्या हाफमध्ये एक पंट मफ करून गमावला आणि अलाबामाने लगेच चेंडू एंड झोनमध्ये नेऊन टचडाउन केला. सामना बरोबरीत असताना शेवटच्या मिनिटात मिशिगनच्या हातून पुन्हा एक पंट सुटला, तोही स्वतःच्या गोलरेषेजवळ. चेंडू कसाबसा परत हाती आला म्हणून सामना जादा वेळेत गेला आणि त्यांनी तो २७-२० असा जिंकला. विजेतेपदाच्या वाटेवरचा अख्खा हंगाम त्या दीड-दोन फुटांवर लटकला होता.

म्हणून पंटसाठी माणूस शोधताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी चेंडूचा अंदाज, मग झेल, मग निर्णय, मग पहिली दोन पावलं, आणि शेवटी लांब पल्ल्याचा वेग. पहिल्या तिन्हींत पास नसलेल्याचा ४० यार्ड धावण्याचा वेळ मी बघतही नाही.

अंदाज म्हणजे चेंडू कुठे पडणार हे पायाला लागल्यावर एका सेकंदात ओळखणं. ज्यांनी क्रिकेटमध्ये लाँगऑनला उंच झेल घेतले आहेत त्यांना हे सांगायला नको. पण इथे चेंडू गोल नाही. टोक वळून खाली झुकलेला चेंडू लांब जातो. टोक वरच राहिलं तर तो हवेत मरतो आणि अपेक्षेपेक्षा पाच-सात यार्ड आधी पडतो. डावखुऱ्या पायाचा चेंडू उलटा फिरतो आणि उलट बाजूला सरकतो. आयुष्यभर उजव्या पायाचेच पंट झेललेला मुलगा तिथे हमखास चुकतो. हे जमलंय का ते पायांवरून कळतं. चेंडू पोहोचण्याआधी ज्याचे पाय थांबलेले असतात, त्याला अंदाज आला. जो शेवटच्या क्षणी तिरपा सरकत, हात लांब करून झेलतो, त्याने झेल घेतला तरी मी वहीत लाल खूण करतो. आज सुटला नाही, ऑक्टोबरच्या वाऱ्यात सुटेल.

झेल छातीत आणि पोटात घ्यायचा. कोपरं अंगाशी, करंगळ्या जवळ, चेंडू बाहूंच्या खोबणीत. रिसीव्हर लोकांना हात पुढे करून बोटांनी झेलायची सवय असते. पासमध्ये ती बरोबर आहे, पण चाळीस यार्डांवरून गरगरत खाली येणारा चेंडू बोटांवरून उडतो. ही सवय मोडायला चांगला सराव असा: एक चेंडू झेलायचा आणि काखेत धरून दुसरा झेलायचा, मग तिसरा, मग चौथा. हात अडकले की अंग आपोआप चेंडूखाली जातं. चारपर्यंत पोहोचणारे थोडेच निघतात आणि आपला माणूस बहुधा त्यांच्यातच असतो.

ऑगस्टच्या शिबिरात सहा ते आठ जण घेऊन सुरुवात करावी. रोज सराव संपल्यावर, पाय थकलेले असताना, पंधरा मिनिटं. चेंडू फेकणाऱ्या जग्ज मशीनने एकसारखे चेंडू मिळतात, ते तंत्र बसवायला उपयोगी. पण निवड मशीनवर करू नये. मशीनचा चेंडू शहाणा असतो, माणसाच्या पायाचा नसतो. निम्मे चेंडू तरी खऱ्या पंटरचे हवेत. त्यांत बादलीत बुडवलेले ओले चेंडू हवेत, मावळतीच्या उन्हातले हवेत, प्रकाशझोताखालचे हवेत. उन्हासाठी डोळ्यांवर आडवा हात धरता येतो, पण तो हलता कामा नये. हलवलेला हात पंच इशारा मानतात आणि मग पळताच येत नाही. झेल घेताना कुणीतरी पॅडने बाजूने ढकलावं, कुणी तोंडापुढून पळत जावं. प्रत्येक चेंडूची नोंद तीन रकान्यांत ठेवा: झेल स्वच्छ की चाचपडत, पाय स्थिर की सरकते, निर्णय बरोबर की चूक. दहा दिवसांत तिघे उरतात. त्यांच्या खात्यावर खऱ्या पायाचे प्रत्येकी शंभर चेंडू झाले पाहिजेत आणि त्यांत तीनपेक्षा जास्त सुटले असतील तर तो माणूस सामन्यात उभा राहत नाही. झेल सुटला की लगेच पुढचा चेंडू त्यालाच द्या. मान खाली गेलेला मुलगा आणि पुढचा चेंडू मागणारा मुलगा यांतला फरक आत्ताच कळलेला बरा, सत्तर हजार लोकांसमोर कळून उपयोग नाही.

निर्णय हा सर्वांत कठीण भाग आहे आणि तो शिकवता येतो. चेंडू सर्वोच्च बिंदूवर असतो तेव्हा, किकनंतर साधारण दोन सेकंदांनी, अर्ध्या सेकंदासाठी नजर खाली आणून गनर कुठे आहेत ते पाहायचं आणि परत चेंडूवर न्यायची. कॅमेऱ्याच्या चित्रफितीत तो क्षण थांबवून मुलाला विचारा, कोण कुठे होतं? ज्याला सांगता येतं त्याने खरंच पाहिलेलं असतं. चेंडू हातात येताना पाच यार्डांच्या आत विरोधक असणार असेल तर फेअर कॅच. एक हात डोक्याच्या वर, स्पष्ट, एकापेक्षा जास्त वेळा हलवलेला. अर्धवट हात हलवणं सर्वांत वाईट. रिटर्नही जातो आणि समोरचा गोंधळून अंगावरही येतो.

मागे किती जायचं याचा साधा नियम आहे: टाचा १० यार्ड रेषेवर ठेवायच्या आणि डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूच्या मागे जायचं नाही. तो बहुधा एंड झोनमध्ये जाऊन टचबॅक होईल आणि २० यार्डांवरून खेळ सुरू होईल. काही प्रशिक्षक ही रेषा ८ वर धरतात, कारण अलीकडचे पंटर मागे फिरकणारा चेंडू पाडतात आणि तो आत जाण्याऐवजी पाच यार्डांवर थांबतो. समोरचा पंटर कसा आहे यावर दर आठवड्याला हे ठरवायचं.

पंटरचा विषय निघाला म्हणून सांगतो, गेल्या दशकात या निवडीचं गणित ऑस्ट्रेलियन मुलांनी बदललं. टॉम हॅकेट, मिच विश्नोव्स्की, मायकेल डिक्सन, टोरी टेलर, या सगळ्यांनी सर्वोत्तम कॉलेज पंटरचा रे गाय पुरस्कार मिळवला. धावत बाजूला जाऊन मारलेला रग्बी पद्धतीचा पंट खालून येतो, लवकर टप्पा खातो आणि वीस यार्ड घरंगळतो. त्याच्यासमोर उंच झेल घेणाऱ्यापेक्षा टप्प्याचा चेंडू धावत पुढे येऊन अचूक उचलणारा हवा, आणि तो कधी उचलायचा नाही हेही कळणारा हवा. आपले ब्लॉकर चेंडूकडे पाठ करून धावत असतात. "पीटर, पीटर!" किंवा "पॉयझन!" असं ओरडून त्यांना लांब पळवणं हे रिटर्नरचं काम आहे. लाजाळू, अबोल मुलगा कितीही चपळ असला तरी इथे धोका आहे.

याची दुसरी बाजूही आहे आणि तिथे काही प्रशिक्षक खरंच चुकतात. चेंडू पडू देणं फुकट नसतं. टप्पा खाऊन तो सहज दहा-पंधरा यार्ड पुढे सरकतो. हवेतच झेलून फेअर कॅच घेणारा तुमचा सीनियर काहीच करत नाही असं दिसतं, पण प्रत्येक झेलामागे तो हे यार्ड वाचवत असतो. ते आकडेवारीत कुठेच दिसत नाहीत. उलट जो फेअर कॅचही घेत नाही आणि चेंडूपासून दूर उभा राहतो, त्याला बदलायला हवं.

किकऑफच्या माणसाबद्दल थोडक्यात. इथे सरळ धाव हवी. वळवळ नको, नाच नको. समोरचे ब्लॉक लागतात त्याच क्षणी फटीतून पूर्ण वेगात निघणारा हवा, आणि ती फट अर्धा सेकंदच उघडी असते. अंगाने दणकट रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) किंवा सेफ्टी (बचावातला सर्वांत मागचा) इथे चालतो. बोटं टोकावर, तळवा, हात, दंड, बरगड्या, असा पाच जागी दाबलेला चेंडू हवा, कारण पहिली टक्कर पूर्ण वेगातली असते. टचबॅकला २५ यार्ड रेषा मिळते आणि २०१८ पासून त्या रेषेच्या आत कुठेही फेअर कॅच घेतला तरी तेच मिळतं. एंड झोनमध्ये ३ यार्ड आत घेतलेला चेंडू बाहेर काढायचा तर २८ यार्ड धावून नुसती बरोबरी होते. त्यामुळे रिटर्नची संख्याच घटली आहे. २०१९ पासून दोघांनी खांद्याला खांदा लावून भिंत करायलाही बंदी आहे, म्हणून भिंतीमागे लपणाऱ्यापेक्षा स्वतः फट ओळखणारा जास्त उपयोगी. एनएफएलने २०२४ मध्ये आणलेली नवी किकऑफ पद्धत कॉलेजमध्ये नाही. रविवारचे एनएफएलचे सामने बघून शनिवारच्या कॉलेज संघावर टीका करताना हे विसरायला होतं.

मागे दोघे उभे असतील तर एकाला कप्तान करा. "माझा" की "तुझा" हे तोच बोलेल आणि दुसरा लगेच पुढे जाऊन अडवेल. दोघेही बोलले किंवा दोघेही गप्प राहिले की चेंडू मधोमध पडतो.

मग संघाच्या सर्वोत्तम खेळाडूला इथे उभं करावं का? हे परिस्थितीवर आहे आणि सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चार्ल्स वुडसन मिशिगनच्या बचावातला मुख्य कॉर्नरबॅक होता, तरी १९९७ मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध त्याने ७८ यार्डांचा पंट परत नेला आणि त्या वर्षीचा हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळवला. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१५ मध्ये स्टॅनफर्डसाठी धाव, पास आणि रिटर्न मिळून ३,८६४ यार्डांचा विक्रम केला. आणि २४ ऑक्टोबर २०२० रोजी टेनेसीविरुद्ध पहिल्याच किकऑफवर अलाबामाच्या जेलन वॉडलचा घोटा मोडला. पंटचं काम डेव्हॉन्टा स्मिथकडे गेलं, त्याने आर्कान्सासविरुद्ध ८४ यार्डांचा टचडाउन केला आणि हाइझमनही जिंकला. अलाबामाकडे वॉडलनंतर स्मिथ होता. तुमच्या संघाकडे कोण आहे? त्या खेळाडूच्या मूळ जागेवर दुसरा तयार नसेल तर त्याला सामन्याच्या निर्णायक दोन-तीन पंटसाठी राखून ठेवावं.

थकव्याचाही विचार करावा लागतो. पंट येतो तो आपल्या बचावाने तिसरा डाउन, म्हणजे चार प्रयत्नांपैकी तिसरा, अडवल्यानंतर. कॉर्नरबॅक तेव्हा आठ-दहा डाव धावून दमलेला असतो, रिसीव्हर ताजा असतो. किकऑफ येतो तो सामन्याच्या किंवा हाफच्या सुरुवातीला, नाहीतर समोरच्यांनी गुण केल्यावर. तिथे रनिंग बॅकने तीस यार्ड धाव घेतली तर पुढच्याच डावात त्याला परत चेंडू द्यावा लागतो. पहिल्या वर्षाचा मुलगा आजमावायचा असेल तर चार सामन्यांपर्यंत खेळवूनही त्याच्या खेळण्याच्या पात्रतेचं वर्ष राखता येतं. सप्टेंबरमध्ये या सवलतीचा उपयोग करून घ्यावा.

आणखी एक शक्यता तुमच्या संघाला लागू असेल. बरेच संघ दोन पंट रिटर्नर ठेवतात. समोरचे स्वतःच्या २० यार्डांतून मारत असतील तर वेगवान माणूस, कारण लांब पंटला ब्लॉकरना जमायला वेळ मिळतो. ते मध्यरेषेजवळून उंच आणि आखूड मारणार असतील तर पक्क्या हातांचा. पंट अडवायला दहाही जण पुढे पाठवले तर गनरना कुणीच रोखत नाही, तेव्हाही पक्क्या हातांचाच. तुमचा सीनियर पाचातल्या तीन वेळा फेअर कॅच घेतो ते त्याला अशाच वेळी पाठवतात म्हणून असेल.

तो भित्रा आहे की शहाणा, हे तुम्हाला स्टँडमधूनही ठरवता येईल. पुढचे दहा पंट पाहताना चेंडूवरची नजर काढा आणि झेलाच्या क्षणी सर्वांत जवळचा विरोधक किती यार्डांवर आहे ते टिपा. पाचच्या आत असताना घेतलेले फेअर कॅच त्याच्या बाजूने मोजा. दहाच्या पलीकडे कुणी नसताना हात हलवला असेल तर तो विरोधात मोजा, पण लगेच त्याला दोष देऊ नका. आधी बघा, चेंडू वर असताना त्याची मान एकदा तरी खाली येते का. येत नसेल तर त्याला गनर दिसतच नाहीत आणि तो सरावात दोन आठवड्यांत सुधारणारा दोष आहे. मान खाली येते, जागा दिसते, तरीही हात वर जातो, असं दहापैकी तीन-चार वेळा झालं, तर तुमचा वेगवान मुलगा रोज सरावानंतर किती खरे पंट झेलतो, हे प्रशिक्षकांना विचारण्यासारखं आहे.